सखूबाईने घातलेले पाणी

माझ्या नातीचा बाप्तिस्मा झाला की नाही, या प्रश्नाने मला बरेच दिवस झोपू दिले नाही. ज्यांच्या घरी लेकरू जन्मले, रडले, चांगले बाळसे धरून वेदीपाशी गेले, त्यांना हा प्रश्न कळणे कठीण आहे. त्यांच्या घरी फादरांनी घातलेले पाणी सगळ्यांनी पाहिलेले असते, त्याचा फोटो भिंतीवर असतो. माझ्या नातीच्या डोक्यावर पाणी पडताना मी पाहिले नाही. पाहणारी एकच बाई होती, आणि ती आमच्या धर्माची नव्हती.

आमचे मूळ घराणे नगरकडचे. आजोबा मिशनचे धर्मशिक्षक म्हणून गडचिरोली जिल्ह्यात कुरखेड्याच्या बाजूला आले आणि इथेच रुजले. गावात ख्रिस्ती घरे अगदी थोडी आहेत. बाकी शेजार धान पिकवणाऱ्या, तलावात मासे धरणाऱ्या, मजुरीला जाणाऱ्या हिंदू कुटुंबांचा. फादर मिशनमधून महिन्यातल्या एखाद्या रविवारी येतात. मी धान खरेदी केंद्रावर वजन आणि ओलावा तपासण्याचे काम करतो. ठरल्यापेक्षा ओलावा जास्त भरला तर ओळखीच्या माणसाचा मालही मी परत पाठवतो. लोक रागावतात, पण माझ्या काट्यावर संशय घेत नाहीत. हा माझा स्वभाव घरातही तसाच आहे, आणि खरे सांगायचे तर प्रार्थनेतही.

गरोदर बाईसाठी आमच्या घरात एक चाल आहे. इतरत्र ओटी भरतात, डोहाळे पुरवतात, तेही आम्ही करतो. पण सातव्या महिन्यात घरातले वडीलधारे माणूस तिला समोर बसवून बाप्तिस्म्याचे शब्द म्हणायला लावते. आम्ही याला ‘शब्द देणे’ म्हणतो. आजोबांच्या काळी फादर बैलगाडीने येत, त्यांना निरोप पोचेपर्यंत लेकरू हातचे जाई. संकटात कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, ही चर्चची शिकवण त्यांनी घराघरांत नेली आणि तिची अशी चाल पडली. बाई शब्द म्हणते, मग तिच्या डोक्यावर नुसता ओला हात ठेवतात, खोबरे-गूळ वाटतात. जन्माच्या तयारीतच मरणाचीही तयारी. माझ्या लेकीच्या नागपूरच्या सासूबाईंना फोनवर हे कळले तेव्हा त्या म्हणाल्या, “भरल्या पोटाच्या पोरीला असलं काय शिकवता? अपशकुन आहे हा.” मी त्यांना समजावत बसलो नाही.

या चालीमागे एक कुंपण आहे. आमच्या दफनभूमीला तारेचे कुंपण असून बाप्तिस्मा न होता गेलेली लेकरे त्याच्या बाहेर, मोहाच्या झाडाखाली पुरलेली आहेत. आज चर्च असे सांगत नाही, फादरांनी प्रवचनात ते स्पष्ट केले आहे. पण जुनी वहिवाट एका प्रवचनाने जात नाही. माझा एक भाऊ तिथे बाहेर आहे. त्याला नावही नाही. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी माझी आई आतल्या कबरींवर मेणबत्त्या लावून झाल्या की एक पेटती मेणबत्ती तारेवरून पलीकडे माझ्या हातात द्यायची आणि मी ती मोहाखाली ठेवून यायचो. आई स्वतः कधी बाहेर गेली नाही. तिला ते सोसत नसावे.

माझी लेक शालिनी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. त्याआधी एकदा तिचे पोट सुरुवातीलाच पडले होते. अंगात रक्त कमी, पायाला सूज, तपासणीचा प्रत्येक आकडा मला तोंडपाठ होता आणि त्यातला एकही मनासारखा नव्हता. सातव्या महिन्यात मीच तिला शब्द दिले. आईने मला कधी सांगितले नसेल इतक्या बारकाईने सांगितले: पाणी डोक्याच्या कातडीला लागले पाहिजे, नुसते केसांवर नको, पाणी तीनदा घालायचे आणि ते वाहिले पाहिजे, पाणी घालणाऱ्यानेच शब्द म्हटले पाहिजेत, आणि लेकरू जिवंत असले पाहिजे. ती ऐकून घेत म्हणाली, “बाबा, तुमी तं परीक्षा घेऊन राह्यले.” तिची आई, म्हणजे माझी बायको मार्था, चुलीपाशी हसली. मंतरलेले पाणी, पांढरे कापड, मेणबत्ती अशी पिशवी मी दवाखान्यासाठी भरून ठेवली. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला अजून महिनाभर अवकाश होता.

मरियामातेच्या जन्मदिवसाचा सण आला. त्या दिवशी मिशनमध्ये नव्या धानाच्या लोंब्या आशीर्वादित करतात. दाणा तेव्हा दुधावर असतो. गरोदर बाया तो सोलून त्यातले दूध चोखतात, म्हणजे पुढे अंगावर दूध चांगले येते अशी समजूत आहे. मार्थाला हिवताप होता, ती अंथरुणातून उठू शकत नव्हती. मी शालिनीला नको म्हणत होतो. ती म्हणाली, “लोंबीचं दूध मले पाहिजेच.” ओळखीचा ऑटोवाला हळू चालवतो म्हणून मी तयार झालो. मिस्सेची प्रार्थना व्यवस्थित झाली. तिने लोंबी चोखली, ओठ पुसले, मरियेपुढे गुडघे टेकता येत नव्हते म्हणून उभ्यानेच हात जोडले. पिशवी अर्थातच घरी होती.

परतताना तलावाच्या पाळीजवळ, म्हणजे बांधाजवळ, तिने माझा दंड धरला. “बाबा, पोटात दुखून राह्यलं,” ती म्हणाली, आणि लगेच, “बाबा, रक्त.” ऑटो थांबवला. मोबाईलला तिथे नेटवर्क नव्हते. पाळीवर मासे राखणाऱ्यांची झोपडी आहे. तिच्यासमोर एक बाई जाळे वाळत घालत होती. ती पदर खोचत खाली आली, ऑटोत एकदा डोकावली आणि म्हणाली, “उतरवा पोरीले. पुढं न्याल तं रस्त्यातच होईन.” ही सखूबाई. मी तिला त्याआधी कधी पाहिले नव्हते. आम्ही तिघांनी शालिनीला झोपडीत नेले. सखूबाईने मला दारातच अडवले. “भाऊ, तुमी भाईर राहा जी. इथी माणसाचं काम नाई. जा, कोनाले तरी फोन लावा.”

ऑटोवाला पुढच्या गावच्या उपकेंद्रातून नर्सला आणायला निघाला. मी पाळीच्या पार टोकाला गेलो, तिथे उंचवटा आहे आणि तिथे फोन लागतो असे सखूबाईनेच सांगितले होते. फोन लागायचा आणि तुटायचा. १०८ ला जागा समजावून सांगताना माझा आवाज चढला. कोणता तलाव, कोणत्या बाजूने रस्ता, बाई किती महिन्यांची, सगळे पुन्हा पुन्हा सांगावे लागले. शेवटी गाडी निघाल्याचे पलीकडून सांगितले. मी परत धावत आलो. वाऱ्याने आवाज दुसरीकडे जात होता. नंतर शालिनीकडून कळले की तिने मला तीन-चार हाका मारल्या होत्या.

झोपडीत शिरलो तेव्हा पहिल्यांदा दिसले ते रक्त. शालिनी डोळे मिटून पडली होती. सखूबाईचा एक हात तिच्या पोटावर घट्ट दाबलेला होता, आणि मांडीवर जुन्या लुगड्याच्या तुकड्यात लेकरू होते. मुलगी होती. अंग निळसर, मूठ उघडी. तिच्या डोक्यावरचे केस ओले होते आणि कानामागून पाणी ओघळल्याची खूण होती. मी नाकाशी बोट धरले. काही लागले नाही. छातीला कान लावला. माझ्याच छातीचे ठोके मला ऐकू येत होते.

“गेली जी भाऊ,” सखूबाई म्हणाली. “पोरीनं सांगितलं, पानी टाक म्हनून. तुमाले हाका मारल्या तिनं, तुमी नोहते. मंग मले म्हने, मावशी, तूच टाक, अन् मी बोलते तसं बोल. मी टाकलं. बोलली बी.”

“काय बोललात?” मी विचारले.

“मी तुले बाप्तिस्मा देते, पित्याच्या, पुत्राच्या, अन् त्या पवित्र आत्म्याच्या नावानं. तिनं नाव सांगितलं मरिया. तेबी घेतलं.”

“पाणी कोणतं? डोक्याच्या कातडीला लागलं का? तुम्हीच बोललात ना, की शालिनी बोलत होती आणि तुम्ही पाणी घालत होता? तेव्हा ती जिवंत होती का? श्वास चालू होता का?”

सखूबाईने मान वर केली. तिचा चेहरा मला अजून आठवतो. रागापेक्षा त्यात आश्चर्य जास्त होते. “काऊन जी भाऊ, तुमी कचेरीतून आले का? हे पोरगी वाहून राह्यली इथी, माह्या हाताखाली. जे जित्ती हाय तिले पाहा ना पयले! जा, तो टावेल द्या, अन् तिचे पाय वर धरा.”

मी पाय धरले. शालिनीच्या टाचा थंड होत्या. माझ्या खांद्याला पिण्याच्या पाण्याची बाटली होती. शंका असेल तर ‘आधी झाला नसेल तर’ अशी अट घालून बाप्तिस्मा देता येतो, हे मला ठाऊक होते. पण तो जिवंताला देतात. पाय सखूबाईच्या सांगण्याप्रमाणे एका गाठोड्यावर ठेवून मी बाटलीचे झाकण उघडले, लेकराकडे पाहिले आणि झाकण पुन्हा लावले. मेलेल्या देहावर शब्द म्हणण्याचे धाडस माझ्याने झाले नाही. जिवंत असेल अशी आशा धरण्याचेही झाले नाही.

रुग्णवाहिका आली. नर्सही आली. सखूबाई न विचारता शालिनीबरोबर आत चढली, कारण तिने हात काढला की रक्त वाढत होते. मी मागून ऑटोतून निघालो, मांडीवर नात घेऊन. ऑटोवाल्याने एकदा मागे पाहिले, मग सगळा रस्ता त्याने मागे पाहिले नाही. ग्रामीण रुग्णालयातून शालिनीला गडचिरोलीला हलवले. तिथे तिचा जीव वाचवायला गर्भाशय काढावे लागले. डॉक्टर मला म्हणाल्या, “पोटावर दाब धरून ठेवला म्हणून इथपर्यंत आली.” सखूबाई तेव्हा बाहेर जिन्यावर बसली होती. लुगडे रक्ताने कडक झाले होते. मार्थाचे भाऊ येईपर्यंत ती थांबली, मग मच्छीच्या टेम्पोत बसून निघून गेली. मी तिचे आभार मानले की नाही, ते मला आठवत नाही.

लेकराला मातीआड करण्यासाठी मला गावी यावे लागले. जावई निघाला होता, पण तो थेट शालिनीकडे गेला आणि तेच योग्य होते. दफनभूमीत जागा मोजून देण्याचे काम गावात माझ्याकडेच असते. कबर कुठे खणायची हे माझ्याशिवाय दुसरे कोणी ठरवणार नव्हते. मी कुंपणाशी उभा राहून फादरांना फोन केला. ते बाहेरगावी होते. मी सगळे क्रमाने सांगितले: बाई हिंदू, पाणी तलावाचे, शब्द पूर्ण, पण लेकरू तेव्हा जिवंत होते की नाही याची खात्री नाही. फादर म्हणाले, “ती हिंदू आहे याने काही बिघडत नाही. चर्चला जे करायचं असतं ते करण्याची तिची इच्छा होती, तेवढं पुरेसं आहे. आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही द्यायचं नाहीये. तिला आत ठेवा.” मी म्हणालो, “फादर, पण खात्री...” ते मला तोडून म्हणाले, “तिच्या आईची इच्छा देवाला ठाऊक आहे. तिला आत ठेवा.”

मार्था तापात शेजारणीच्या आधाराने तिथवर आली होती. ती मला कधी सगळ्यांसमोर बोलत नाही. त्या दिवशी बोलली. “अहो, धान परत पाठवता तसं हिला पाठवू नका,” ती म्हणाली आणि तारेचा खांब धरून खाली बसली.

मी आत खणले. आजोबांच्या पायथ्याशी जागा होती. पण मी आज्ञा पाळली होती, विश्वास ठेवला नव्हता. माती ओढताना सारखे वाटत होते की खोटे वजन लिहितो आहे.

मी गडचिरोलीला परतल्यावर शालिनी शुद्धीवर आली, तेव्हा तिने पाणी मागितले नाही, की नवऱ्याला हाक मारली नाही. “बाबा, तिले आत ठेवलं ना?” एवढेच विचारले. मी हो म्हणालो. ती डोळे मिटून रडत राहिली, पण त्या रडण्यात कुठेतरी सुटका होती. ते पाहून मला स्वतःची भीती वाटली. कारण ती ज्यावर टेकली होती ते मला पक्के वाटत नव्हते, आणि हे तिला सांगणे शक्य नव्हते. तिला विचारून पाहावे असेही मनात आले. पण तिला एवढेच आठवत होते की ती एकेक शब्द बोलत होती आणि मावशी मागून म्हणत होती. लेकरू रडले का, हलले का, तिला काही दिसले नव्हते.

पुढचे दिवस वाईट गेले. शालिनी घरी आली. दूध भरून येई, आणि पिणारे कोणी नाही. मार्था कापडाने तिची छाती आवळून बांधायची आणि परसात जाऊन उभी राहायची. मी कामावर जात होतो, पण हंगाम सुरू व्हायचा होता आणि रिकाम्या गोदामात बसून मी तोच हिशोब करत होतो. पाळीच्या टोकापर्यंत जायला किती वेळ लागला असेल, यायला किती, लेकरू कधी जन्मले असेल, कधी गेले असेल. तो हिशोब कधीच जमला नाही. रविवारी मी मागच्या बाकावर बसू लागलो. सखूबाईला जाऊन विचारावे असे अनेकदा वाटले. एकदा तलावाच्या वळणापर्यंत गेलोही. पण ज्या बाईने माझी लेक हाताखाली धरून वाचवली तिला पुन्हा तेच प्रश्न विचारायला कोणत्या तोंडाने जाणार? आणि ती “नाई जी, आधीच गेली होती” म्हणाली तर? मी वळणावरूनच परत आलो.

धान कापणीला आले तेव्हा एके दिवशी दुपारी सखूबाई आपणहून आमच्या घरी आली. टोपलीत मरळ मासा होता, अजून हलत होता. “अशक्त बाईले मरळ चांगला,” म्हणत तिने तो अंगणात ठेवला. शालिनी उन्हात बसली होती. तिने सखूबाईला पाहिले आणि उठायला गेली. “बस वं, बस. उठून काय तलवार घेऊन लढाईले जातं का?” सखूबाई तिच्या शेजारी टेकली. मी दारातच उभा राहिलो. माझ्याकडे पाहून ती म्हणाली, “काऊन भाऊ, आज काई इचारत नाई? त्या दिवशी तं पोलिसावानी सुरू होते.” मार्था आतून चहा घेऊन येत होती, ती ओशाळली. मीही ओशाळलो. “नाही बाई, काही विचारायचं नाही,” मी म्हणालो. ते खोटे होते.

मग त्या दोघी बोलू लागल्या. खाणे, झोप, टाक्यांचे दुखणे. शालिनीने खालच्या आवाजात विचारले, “मावशी, ती दिसायला कशी होती? मले तं कोनं नीट दाखवलीच नाई.” आम्ही तिला जपत होतो, तिच्यासमोर विषय काढत नव्हतो, आणि तिला एवढेच हवे होते.

सखूबाईने चहा खाली ठेवला. “तुह्यावानीच वं. कपाळ मोठं, नाक बसकं. केस लय. अन् नखऱ्याची होती बरं. मी पानी टाकलं ना, तलावाचं पानी, थंड लागलं तिले. तं असं केलं तिनं.” आणि सखूबाईने डोळे घट्ट मिटले, ओठ आवळून पुढे काढले, आणि सगळा चेहरा चिंच खाल्ल्यासारखा केला. एवढी उन्हाने रापलेली, सुरकुतलेली बाई, आणि क्षणभर तिच्या चेहऱ्यावर खरोखर तान्हे लेकरू दिसले.

शालिनी हसली. हसता हसता रडली, पण आधी हसली. “पुन्हा करून दाखव ना मावशी,” ती म्हणाली. सखूबाईने पुन्हा केले.

माझ्या जिभेवर प्रश्न तयार होता. पाणी कितव्यांदा टाकले तेव्हा तोंड आवळले? शब्द पुरे झाले होते तेव्हा, की त्याआधी? मध्ये किती वेळ गेला? मी एक पाऊल अंगणात टाकले. सखूबाईने माझ्याकडे पाहिले. मला वाटते तिला कळले असावे. शालिनी अजून तिच्या चेहऱ्याकडेच पाहत होती. आणि मला उमगले की देवाला माझ्या लेकीला जे द्यायचे होते ते तिच्या पदरात पडत आहे, माझ्यासमोर, एका बाईच्या तोंडून. मी त्यात पुन्हा काटा लावणार होतो.

मी विचारले नाही. विळी आणि राख आणली, आणि मासा साफ करायला बसलो. सखूबाई म्हणाली, “अवं, तुह्या बापाले मच्छी कापता येते का?” मार्था म्हणाली, “नाही येत. काट्यासकट देतात.” तिने माझ्या हातातून विळी काढून घेतली. सखूबाईला आम्ही जेवल्याशिवाय जाऊ दिले नाही. निघताना मी तिला हात जोडले. आभाराचे शब्द नीट सुचले नाहीत. तिने माझे जोडलेले हात खाली केले आणि म्हणाली, “राहू द्या जी. ते पोरगी माह्याबी हातातून गेली ना.” तेव्हा मला पहिल्यांदा कळले की या दुःखात आमच्यासोबत आणखी एक माणूस होते, आणि त्याची आम्ही विचारपूसही केली नव्हती.

तिथे त्या वेळी तीच बाई का होती, तिचा हात नेमका तिथेच कसा पडला, यावर मी वाद घालत नाही. योगायोग म्हणणाऱ्याने म्हणावे. तोंड आवळणे म्हणजे जिवंतपणाचा पुरावा आहे का, हेही मी कोणाला विचारायला गेलो नाही. माझे दुःख कमी झालेले नाही. घरात पाळणा यायचा नाही, हे आता ठरलेले आहे, आणि शालिनी कधी कधी दिवसदिवसभर बोलत नाही. पण त्या दिवसापर्यंत संध्याकाळच्या जपमाळेनंतर मी नातीसाठी प्रार्थना करत असे ती अशी: हे प्रभू, तिचा बाप्तिस्मा खरा असेल, तर तिला तुझ्याजवळ घे. देवाला अट घालून मी रोज लेकरू त्याच्या दारात ठेवत होतो आणि आत नेऊ देत नव्हतो. त्या संध्याकाळी, भांड्यांना अजून माशाचा वास येत असताना, आम्ही तिघे गुडघ्यांवर बसलो. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, हे प्रभू, आमची मरिया तुझ्याजवळ आहे. तिला ज्या हातांनी पाणी घातले त्या हातांना आशीर्वाद दे. शालिनी आणि मार्था एकदमच ‘आमेन’ म्हणाल्या, आणि मीही म्हणालो.